किती दाखवू, ताई?

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विष्णुपंत, व्यासपीठावर बसलेल्या आमच्या मंडळाच्या माई, समोर बसलेल्या मैत्रिणी, कुळगावातले आणि स्टेशनपलीकडचे शेजारी, उल्हासनगरहून टायपिंगचं दुकान बंद ठेवून आलेले लछमनदासजी, चामटोलीहून आलेली अंजनी, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती माझी कुंदा. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

थोडक्यात बोला, असं अध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं. विष्णुपंत, शाळेपासूनची मैत्री थोडक्यात कशी बोलतात, ते तुम्ही तुमच्या भाषणात दाखवा. मी प्रयत्न करते.

कुंदा आणि मी एका कॉन्व्हेंटात, एका बाकावर वाढलो. गणिताला आम्हाला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्या उत्तराकडे नंतर बघायच्या. आधी विचारायच्या, रीत कुठे आहे? उत्तर चुकलं आणि रीत बरोबर असली, तर अर्धे गुण मिळायचे. मला नेहमी ते अर्धेच मिळाले. कुंदाला पूर्ण. पुढे मी संसाराला लागले, आणि कुंदा अंबरनाथच्या कारखान्यात स्टेनो म्हणून लागली ती साहेबांची सगळी पत्रं निस्तरूनच निवृत्त झाली. एखादं पत्र तिच्या टेबलावरून चुकीचं गेलं, असं कधी झालं नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपल्याला ठाऊकच आहे की कुंदा ऑस्ट्रेलियाला चालली आहे, धाकट्या बहिणीकडे, वृंदाकडे. वृंदाचे यजमान गेले, मूलबाळ नाही, आणि आता तिला दिसायचंही कमी होत चाललं आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला तेव्हा मी कुंदाकडेच होते. ती म्हणाली, "कुंदे, तू आलीस तर मी याच घरात राहीन. नाहीतर पुढच्या वर्षी डिसेंबरात घर विकून मला वृद्धांच्या निवासात जावं लागेल. तिथली माणसं फार चांगली आहेत गं. पण तिथे मला कुणी वृंदे म्हणणार नाही."

फोन ठेवल्यावर कुंदा उठून स्वयंपाकघरात गेली. मग म्हणाली, "चहा ठेवू का?" कुंदाचं असंच आहे.

पण जायचं कसं? बहिणीपाशी राहायला येते, एवढ्या कारणावर तिला कायमचं कोण येऊ देणार? शेवटी निवृत्त माणसांसाठीचा एक व्हिसा असतो, असं कळलं. त्याची भाषा मोठी सभ्य. या, राहा, मात्र इथे नोकरी करू नका आणि आमच्या सरकारच्या पैशावर जगू नका. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, गाठीला पुरेशी शिल्लक आहे. दुसरी, दर वर्षी ठरावीक उत्पन्न येतं. पहिली अट कुंदाच्या यजमानांनी, श्रीपादरावांनी भागवली. बारा वर्षं ते मस्कतला राहिले, तिथली बचत त्यांनी कुंदाच्या नावावर ठेवली होती. बिचारे ती खर्च करायला काही राहिले नाहीत. दुसरी अट कुंदाची होती. तिची पेन्शन, वरच्या मजल्याचं भाडं आणि चामटोलीची भातशेती. भाड्याचा आणि शेतीचा पुरावा म्हणून हवा होता उत्पन्नाचा दाखला.

आणि इथे आपले हरिचंद्र येतात. ते शेवटच्या रांगेत बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगते. कचेरीबाहेर छत्रीखाली टेबल टाकून ते अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देतात. या सभागृहात असं एक तरी घर आहे का, ज्याचा कागद त्यांनी लिहिलेला नाही? आपण त्यांच्याकडे कशाला जातो? मुलाच्या फीमाफीला, मुलीच्या शिष्यवृत्तीला, रेशनकार्डाला. ते एकच प्रश्न विचारतात, "किती दाखवू?" आणि आपण सगळे एकच उत्तर देतो, "बसेल तेवढं कमी."

कुंदा दाखल्यासाठी त्यांच्याकडे गेली, त्या दिवशी सकाळी वृंदाचा पुन्हा फोन आला होता. कुंदाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने आकडा सांगितला. हरिचंद्रांनी मान डोलावली आणि तिच्याविषयीच्या आदरापोटी जितकं कमी करता येईल तितकं कमी केलं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या कागदावर न वाचता सही केली. दाखला निघाला, लछमनदासजींनी त्याचं इंग्रजी टाइप केलं, आणि कागद गेले.

महिन्याने उत्तर आलं. अतिशय नम्र. एवढ्या उत्पन्नात अर्जदार सध्या आपला चरितार्थ कसा चालवतात, याचा कृपया खुलासा करावा.

आम्ही दोघी ते पत्र घेऊन हरिचंद्रांकडे गेलो.

"हरिचंद्र, हे काय लिहिलंत?" कुंदाने विचारलं.

"का ताई? अजून कमी पाहिजे होतं का?"

"मला जास्त पाहिजे होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जास्त? ताई, तब्येत बरी आहे ना? इतकी वर्षं बसतोय इथे, जास्त दाखवायला कोणी आलं नाही." मग सगळं समजल्यावर त्यांना फार वाईट वाटलं आणि ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले. "बोला, किती दाखवू? दणकून दाखवतो. साहेबाचे डोळे फिरले पाहिजेत."

"आहे तेवढं."

"आहे तेवढंच?" त्यांनी डोकं खाजवलं. "ताई, हे कधी लिहिलं नाही हो. पहिल्यापासून बघावं लागेल."

"बघू या," कुंदा म्हणाली. "रीत दाखवून लिहा."

पेन्शन मांडली. भाडं मांडलं. भाडेकरू घरचेच झालेले, त्यामुळे तेही कुंदाच्या उंचीसारखंच, कधी न वाढलेलं. बेरीज अटीच्या खालीच राहिली. थोडीच खाली, पण खाली. मी कुंदाकडे बघितलं. तिच्या हातात वृंदाचा फोटो नव्हता की डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. डिसेंबर जवळ आला होता.

"आणि चामटोली?" हरिचंद्रांनी विचारलं.

"तिथून पैसे कुठे येतात? अंजनी आणि तिचा नवरा शेत करतात, माझ्या वाट्याचा तांदूळ घरी येतो."

"मग तो विकता कुठे?"

"विकत नाही. वाटते."

हरिचंद्र म्हणाले, आणि हे वाक्य मी विसरणार नाही, "ताई, वाटला म्हणून तो आलाच नव्हता असं कसं होईल?"

पण आल्याचा पुरावा काय? पावती नाही, बाजारातली नोंद नाही. दुसऱ्या दिवशी अंजनी कुंदाच्या पडवीत बसून आमचं बोलणं ऐकत होती. म्हणाली, "त्यात काय इचारायचं? आमीच तं टाकतो पोती दर साली. मंग ताई वाटत बसते सगला. मी बोलते, ताई, थोरा इक. आयकते का? नसंल पटत तं त्या सायबाला म्हना, चामटोलीला ये. जेवूनच जाशील."

साहेबांना एवढ्या लांब बोलावणं काही जमण्यासारखं नव्हतं. पण तांदूळ कुणाकुणाकडे गेला, ते तर इथेच होते. माईंच्या घरी जात होता. माझ्या घरी जात होता. विष्णुपंत, तुमच्या नातीच्या बारशाचा भात कुठला होता? अंजनीने अंगठा दिला, आणि आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या की होय, कुंदाताईंच्या शेतात भात पिकतो, कारण तो आम्ही खाल्ला आहे. त्यावर चौकशी झाली, बाजारभाव धरला गेला, नवा दाखला निघाला. तांदूळ मिळवल्यावर बेरीज अटीच्या वर गेली. बेताने, पण गेली. पूर्ण गुण.

लछमनदासजींनी नवा कागद टाइप केला आणि दोन्ही वेळचे पैसे मागितले. कुंदा म्हणाली, पहिल्या वेळचे का? तर म्हणाले, "दीदी, पहले वाला पढ़के मुझे लगा आपसे क्या पैसा लेना. अब तो आप पार्टी हो." हसताय काय लछमनदासजी, खोटं आहे का?

व्हिसा आला. वृंदाचं घर विकलं जाणार नाही. परवा रात्री विमान आहे. काल मी कुंदाच्या घरी बॅग भरायला गेले, तर ती मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा यावर माझ्याशी भांडली. तेवढंच. वरच्या मजल्यावरचे लोक खाली दिवा लावतील, अंजनी पोती आणून टाकेल, आणि वाटायचं काम कुंदाने माझ्यावर सोपवलं आहे. अंजनी मला म्हणाली, "तुमी तरी इकाल का?" नाही गं बाई. मीही नाही.

कुंदा, तिथे तुझी वाट बघणारी एक बाई आहे, तिला रोज हाक मार. इथे तुझ्या नावाने हाक मारायची सवय मला मोडावी लागेल, ते मी बघेन.

मंडळाने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, हरिचंद्रांनी आणि लछमनदासजींनी स्वतःवर हसू दिलं, या सगळ्यांची मी आभारी आहे. कुंदा निघताना मला कसं वाटतंय ते पुरतं सांगता आलेलं नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. जास्त झालं नसावं. कमीच दाखवलं असेन. आपली सवयच तशी.