गिऱ्हाईक आलं की गारठते

पंक्चर निघेपर्यंत बाकावर बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या मायलेकांचं बोलणं पडत होतं. मेकॅनिकने मायलेकांच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं.

"दादा, इंजिन ठणठणीत आहे. प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झालीये."

"काल संध्याकाळी तर झटक्यात सुरू झाली. विकायला काढल्यापासून सकाळी गिऱ्हाईक आलं की गारठते."

"रात्री कुणी प्लग काढतं का?"

"थंडीत बाबा काढायचे, शेगडीपाशी उबेला ठेवायचे. आता ते नाहीत. आई, तू काढतेस?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मग बोटं कशाने काळी झाली?"

"तव्याने."

"आई, उद्या आणखी एक गिऱ्हाईक येतंय."

"सकाळीच ना?"

"हो."

"स्वेटर घालून या म्हणावं."