गेटाबाहेरची राख

नाही हो मॅडम, तब्येत बरी आहे, झोप नाही झाली एवढंच — अन् तीही एका शून्यापायी. हसू नका, खरंच. तुमचा फोन आला ना, का मी येऊन राह्यली, एकदा सोबत बसून पाहू अन् टाकून देऊ डेटाबेसमध्ये — तेव्हापासून डोळा मिटला का ते राखेच्या रकान्यातलं शून्य समोर येऊन बसते. चहा घ्या ना. साय आली काय? द्या, काढून देते, मलेही सध्या साय पाहवत नाही. काहून ते सांगते.

तुमचं डेटाबेसचं काम चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोरींना मीच शिकवते कॉलेजात — धान शेतातून निघालं तेव्हापासून भात ताटात पडेपर्यंत किती पाणी लागलं, किती वीज, किती धूर गेला, काय कचरा उरला, तांदळाची जन्मकुंडलीच म्हणा. ज्यानं त्यानं आपल्या भागाचे आकडे टाकायचे, मग जगातल्या कोणीही उचलून वापरायचे. अन् बालाघाटच्या उसन्या तांदळाचे, म्हणजे धान उकडून काढलेल्या तांदळाचे, आकडे कोण टाकणार, तं मी! अतिथी विद्वान — तासावर शिकवणाऱ्याले इकडं तसंच म्हणतात. विद्वान फक्त नावात, अन् अतिथी तं काय, मार्चमध्ये निरोप देतात. पण मले वाटलं, आपल्या गावचं काहीतरी राहील तिथं. मिलवाले आधी उभं करत नव्हते. तिघांनी दिले आकडे, त्यातली एक मिल इथलीच, आमच्या घरामागची — आमच्या श्रुतिकाचे पप्पा तिथंच बॉयलर चालवतात, म्हणून तं दिले. ये गं बेटा, मॅडमले नमस्ते कर. नाही करत. अशीच झाली आहे आठवडाभर — माझी ओढणी सोडत नाही. पाच वर्षांची आहे, बोलायले लागली का थांबत नव्हती — असो.

तं राख. धान उकडायचं म्हणजे वाफ पाहिजे, वाफेसाठी बॉयलर, अन् बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जाळतात. त्याची राख मागच्या गेटाबाहेर टाकतात. आता आमच्या इकडं ही राख कोणी फेकत नाही, बाया घमेलं घेऊन येतात, भांडे घासायले — पितळेवर काय चमक येते, माझी सासू तं साबणाले हात लावत नाही. वीटभट्टीवालेही नेतात. मिलच्या शेठले विचारलं मी, राखेचं काय करता? तं म्हणे, "लिख दो मैडम, सब लोग ले जाते हैं, हमारे पास कुछ नहीं बचता।" अन् आपला नियमही तोच ना? एखादी वस्तू दुसऱ्याच्या कामात आली का तिले कचरा म्हणायचं नाही. ती गेटाबाहेर गेली, आपला हिशोब तिथं संपला. मी लिहिलं — कचरा शून्य. लिहिताना छान वाटलं हो, खोटं काहून सांगू! आपल्या गावातल्या बायांच्या सवयीनं तांदूळ किती स्वच्छ झाला, असं वाटलं.

मागच्या सोमवारी मैनाबाईची पोर गेली राख आणायले. मैनाबाई मिलमध्ये झाडू मारते, आमच्या मागच्या गल्लीत राहते. पोरीचं नाव ज्योत्स्ना. तिसरीत आहे, श्रुतिका तिले दीदी म्हणते, रोज हिले खेळवायले न्यायची — त्या दिवशी ही घरीच होती, सासूबाईजवळ, नाहीतं — नाही, ते मी बोलत नाही.

राख उडू नये म्हणून वरून पाणी मारतात मॅडम. रोजचं आहे. पाणी मारलं का वरची राख बसते, काळी पडते, गार लागते हाताले. दुधावर साय धरते ना, तशी. पण आत विस्तव तसाच. दोन-दोन दिवस धगधगत राहते, धूर नाही, काही नाही. मोठ्या बाया काठाकाठानं भरतात, त्यांना माहीत आहे. पोर चढली वरती. गुडघ्यापर्यंत गेले पाय.

आहे, जिवंत आहे. गोंदियाले नेलं. पायाचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत.

मैनाबाई शेठकडं गेलती. मी होती सोबत, म्हटलं शिकलेली बाई सोबत असली का बरं. तं शेठ काय म्हणाला? "देखो बाई, गेट के बाहर हमारा कुछ नहीं।" अन् मी तोंड उघडलं, अन् मले एकदम लक्षात आलं — हे तं माझंच वाक्य आहे! मी इंग्रजीत लिहिलं, तो हिंदीत बोलून राह्यला, एवढाच फरक. मैनाबाई माझ्याकडं पाहून राह्यलती, का आता ही बोलेल. मी तिचा हात धरला अन् तिले गेटाबाहेर घेऊन आली.

हौ, माहीत आहे मले, अपघाताचा रकाना नसते यात. पण शून्य तं खोडता येते ना? कचरा म्हणून टाकता येते, उघड्यावरचा ढीग, खाली एक ओळ — आत विस्तव राहते, वस्तीतले लोक येतात. तुम्ही म्हणाल, मग टाक, कोणी अडवलं? आकडे तीनच मिलींचे आहेत मॅडम. त्यातली वस्तीले लागून एकच, ही आमची. शेठले वाचायची गरज नाही, कोणीतरी सांगेलच. मग तो विचारेल, राख कोण टाकत होता? पाणी कोण मारत होता? श्रुतिकाच्या पप्पांना मी विचारलं, लिहू काय. जेवत होते. ताटाकडं पाहूनच म्हणाले, "लिही ना. पण पाणी म्या मारलं होतं, हे बी लिहिजो." अन् हात धुवून उठले. आता ते रोज घरी आले का बूट काढून तसेच उभे राहतात, अंगणात, अनवाणी.

म्हणून म्हणते, राहू द्या. तुमचंही बरोबर आहे — नियमानं चूक काहीच नाही, शून्य ते शून्यच. मीच उगाच जीव काढून राह्यली. कुठं सही करायची, इथं? इंटरनेटवर टाकायचं म्हणजे बटणच ना, तुम्हीच दाबा, माझा हात नको. अन् निघा तुम्ही, गोंदियाची गाडी चुकेल, मी ऑटोवाल्याले फोन लावते. हे सगळं मनावर घेऊ नका, झोप नाही झाली का माणूस बडबडते. बॅग घ्या तुमची. श्रुतिका, सोड बेटा ओढणी, मॅडमले जाऊ दे — काय? मोठ्यानं बोल ना, मॅडमलेही ऐकू दे, काय म्हणतेस?

"मी घरी नव्हती आई. मी बी गेलती. दीदी म्हणे, तू इथंच थांब, मी आधी पाहून येते, राख थंडी झाली का."