दोघांच्या दोन फुल्या

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात मतदान चाललं होतं; मतपत्रिकेवर हव्या त्या पर्यायापुढे फुली मारायची होती. रांगेत मॉरीनच्या मागे एक म्हातारा मच्छीमार आणि त्याची लेक हुज्जत घालत होते.

"बाबा, बाहेर पडलो तर माझी हॅम्बुर्गची नोकरी बोंबलेल."

"आणि आत राहून, त्यांच्या मासेमारीच्या मर्यादांपायी माझी बोट भंगारात गेली, त्याचं काय?"

"म्हणजे तुम्ही 'बाहेर'वरच फुली मारणार?"

"मारणारच!"

"मग मी 'आत'वर मारणार. तुमचं मत फुकट गेलंच समजा."

"समजलो."

"मग सकाळी हाका मारमारून मला उठवलंत कशाला? झोपू द्यायचं होतंत!"

मॉरीनने न राहवून मागे पाहिलं.

"तुझं मत झोपेत घालवून मला जिंकायचं नाही, टॅमसिन," म्हातारा म्हणाला. "हो पुढे."