नसीरभाईंचे वाकडे तास

मंडळी, सलमाभाभी, शबाना बेटा.

मी वनिता. गावातले सगळे मला ओळखतात, पण आज अमरावतीहून, बडनेऱ्याहूनही माणसं आली आहेत, म्हणून सांगते. शाळेमागचं, नाल्याकडं उतरत जाणारं सात एकर वावर माझं. माझे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत, त्यामुळे शेती मीच पाहते. नसीरभाई गेले त्याला आज आठ दिवस झाले. आठ दिवस मी मनातल्या मनात बोलत होते. आता तुमच्यासमोर उभी राहिले तर एकही वाक्य जागेवर नाही. थोडं सांभाळून घ्या.

माझी मुलगी म्हणाली, आई, माईकवर शुद्ध बोलजो. मी बोलते शुद्ध. पण नसीरभाईंचं बोलणं मला शुद्ध करता येणार नाही. ते जसं होतं तसंच सांगते. आणि मध्ये हसू आलं तर हसा. ज्या माणसानं इतकी वर्षं आपल्याला हसवलं, त्याच्या सभेत तोंड पाडून बसायचं, हे मला तरी जमणार नाही.

नसीरभाई म्हणजे गावचा ट्रॅक्टर. आपण कधी म्हटलं का, नांगर सांगून ये? आपण म्हणायचो, नसीरभाईला सांगून ये. आणि त्यांची नांगरणी कशी होती? सरळ. नांगराची ओळ, जिला आपण तास म्हणतो, ती अशी सरळ की दोरी लावून पाहावं. नांदगावच्या बाजारात लोक म्हणायचे, तुमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याचा हात पाहा. त्यांना त्याचा अभिमान होता. ते लपवायचेही नाहीत. "वयनी," मला म्हणायचे, "या धुऱ्यावर उभ्या राहा अन् पाहा. एक तास वाकडा दिसला तर नाव बदलतो माहं."

माझं वावर उताराला लांब. लांबीनं नांगरलं की ट्रॅक्टरला कमी वळावं लागतं. म्हणून वर्षानुवर्षं वरून खाली, खालून वर, असेच तास. मीही कधी विचारलं नाही. कोण विचारतं?

पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. वीस-वीस दिवस येत नाही आणि आला की दोन तासांत महिन्याचा पडतो. असाच एका दुपारी तो पडला. माझं सोयाबीन नुकतंच चार पानांवर आलं होतं. पाऊस थांबल्यावर मी वावरात गेले, तर वरच्या अंगाला काळी माती नव्हती. मुरूम दिसत होता, पिवळा. सोयाबीन नाल्यात, माती नाल्यात. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसले. रडले नाही. रडायलाही काही समजावं लागतं.

नसीरभाई रस्त्यानं चालले होते. मला पाहून आले. खाली नाल्यापर्यंत चालत गेले, तिथला गाळ हातात घेतला, परत आले. त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल. मला म्हणाले, "वयनी, हे मी केलं."

मी म्हटलं, "तुमी काहून? पावसानं केलं."

"पाऊस तं येनारच. पन त्याले रस्ता मी करून देल्ला. इतके सरळ तास, थेट नाल्यात नेऊन सोडनारे. पान्याले अजून काय पायजे?"

मंडळी, मी त्यांना दोष दिला नव्हता. कोणीच दिला नव्हता. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं, तर आजही आपण सगळे पावसालाच शिव्या देत बसलो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी नांगरणी सांगायला गेले. म्हणाले, "उतारानं नांगरनार नाई. आडवं नांगरीन. नाईतर दुसरा ट्रॅक्टर पाहा." मला राग आला. माझंच वावर आणि यांची अट. मी म्हटलं, आडवं म्हणजे कसं? तर हे महाशय गवंडी लोकांची ती पाण्याची नळी घेऊन आले. पारदर्शक, लांब, दोन्ही टोकांना पाणी सारखं उभं राहतं ती. तिच्यावरून सारख्या उंचीच्या जागा शोधायच्या, तिथं चुन्याची फक्की टाकायची आणि त्या रेघेवरून ट्रॅक्टर चालवायचा. हे त्यांनी कृषी सहायकाकडून ऐकलं होतं. आता नळीचं दुसरं टोक धरायला कोण? सलमाभाभी.

भाभी, तुम्ही आत्ता हसलात, मी पाहिलं. बरं वाटलं.

तीन दिवस नवरा-बायको माझ्या वावरात नळी धरून भांडत होते. एका टोकावरून हे ओरडायचे, "ऊपर, ऊपर." दुसऱ्या टोकावरून भाभी, "कितना ऊपर? दरख़्त पे चढ़ूँ क्या?" अर्धं गाव धुऱ्यावर बसून पाहत होतं. शेजारचे शामरावभाऊ तर घरून चहा घेऊन यायचे.

मग नांगरणी झाली. आणि तास कसे झाले? वाकडे. जमीन जशी वळेल तसे वळलेले. शामरावभाऊ म्हणाले, "नसीर, साप सोडला का रे वावरात?" सगळे हसले. मीही हसले, हे आज कबूल करते. नसीरभाईही हसले. पण ट्रॅक्टरवरून उतरताना त्यांनी मागं वळून वावराकडं पाहिलं, तेव्हा त्यांचं तोंड मी पाहिलं. ज्या हातासाठी बाजारात नाव होतं, त्या हातानं त्यांनी ते वाकडं काम केलं होतं. ते काय सोपं होतं?

पाऊस आला. तसाच, एकदम, धो धो. मी डोक्यावर खताची पिशवी घेऊन वावरात धावले, तर नसीरभाई आधीच तिथं. भिजलेले, चपला हातात. पाणी तासातासांत थांबलं होतं. हळूहळू जिरत होतं. जे उरलं ते बाजूला राखलेल्या गवताच्या पट्ट्यातून खाली उतरत होतं. त्यांनी ते ओंजळीत धरलं आणि मला दाखवलं. ओंजळीतल्या नितळ पाण्यातून त्यांच्या तळहाताच्या रेघा दिसत होत्या. "पाहा वयनी," म्हणाले, "पानी चाललं, पन माती घेऊन नाई चाललं." आणि पन्नाशीचा तो माणूस चिखलात नाचला. खरं सांगते, नाचला. पाय घसरून पडला आणि पडल्या पडल्या हसत राहिला.

सगळं चांगलंच झालं असं नाही. एका कोपऱ्यात रेघ चुकली होती, पाणी साचलं, तिथली तूर पिवळी पडून गेली. ते स्वतः मला तिथं घेऊन गेले. म्हणाले, "इथं माही चूक झाली. तुमची भाभी बरोबर सांगत होती, मी आयकलं नाई." पुढच्या वर्षी तो कोपरा त्यांनी भाभींना विचारून नांगरला.

त्याच वर्षी शामरावभाऊ नळी मागायला आले. मग आणखी दोघं. मग नाल्याच्या या अंगाचं सगळं शिवार. आणि सगळं शिवार वाकडं झाल्यावर नसीरभाईंनी काय नवं काढलं? म्हणाले, दर वर्षी खोल नांगरूच नका. तीन वर्षांत एकदा पुरे. कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी जाळू नका, मी तिचा बारीक भुगा करून देतो, जमिनीत जाऊ द्या. ट्रॅक्टरवालाच सांगतो, ट्रॅक्टर कमी बोलवा. भाभींनी त्यांना माझ्यासमोर विचारलं, "और हम क्या खाएँगे?" तर म्हणाले, "जमीन राहील तं लोक राहतील. लोक राहतील तं आपल्याले बोलावतील." आणि तसंच झालं. नांगर कमी झाला, पण पेरणीला, भुगा करायला, आखणीला लोक त्यांनाच बोलवायचे. आखणीला तर भाभींनाही.

माझ्या वावरात वरचा मुरूम अजून पूर्ण झाकला नाही. माती इतक्या लवकर परत येत नाही. पण मागच्या पावसाळ्यात मी तिथं फावडं मारलं, तर ढेकळात गांडूळ. मी त्यांना फोन केला. तेव्हा ते आजारी होते, दम लागत होता. तरी लेकीच्या, शबानाच्या गाडीवर मागं बसून आले. त्या ढेकळाकडं बराच वेळ पाहत राहिले. मग ते जसंच्या तसं जागेवर ठेवलं आणि वरून माती लोटली. "झाका त्याले," म्हणाले, "ऊन लागून राहिलं."

या उन्हाळ्यात ट्रॅक्टर शबानानं चालवला. नसीरभाई धुऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे. पोरगी उत्तम चालवते. ते फक्त एकच बोलायचे, "हळू बेटा, वळनावर हळू." शेवटच्या आठवड्यात तेही बोलत नव्हते. मी विचारलं, काहून जी, चूक नाही दिसत का? तर म्हणाले, "नाई दिसत. म्हनून तं चूप आहो." एवढं समाधान मी कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिलं नाही.

मंडळी, मला एवढंच सांगायचं होतं. माझी माती आज माझ्या वावरात आहे, ती या माणसामुळे. तुमच्यातल्या कितीजणांची आहे, ते तुम्हाला माहीत.

आता आपण एक मिनिट उभे राहू. बोलू नका. नुसतं त्यांचं तोंड डोळ्यांसमोर आणा.

...

बसा.

नसीरभाई, रस्त्यात भेटलो की तुम्ही नेहमी आधी म्हणायचात, राम राम वयनी. माझं उत्तर दर वेळी मागून यायचं. आज मी आधी म्हणते.

सलाम, नसीरभाई.