उणे चिन्हाची माफी

परदेशी शिकायला गेल्यावर पोरं बिघडतात म्हणतात ना, मी खरंच बिघडलो. जर्मनीत सहा महिने एक्स्चेंजवर होतो. तिथे प्रोफेसरला म्हटलं, 'सर, फळ्यावर चुकलंय,' तर त्याने खडूच माझ्या हातात दिला. 'ये, दुरुस्त कर.' ती सवय घेऊन मी बंगळूरला परत आलो.

पहिल्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांनी फळ्यावरच्या गणितात उणे चिन्ह गाळलं. मी उठलो, खडू उचलला आणि चिन्ह घातलं. ते माझ्यावर भडकले.

'फॉरेनला जाऊन आलास म्हणून मला शिकवतोस? वडिलांच्या सहीचं माफीपत्र आण, नाहीतर परीक्षेला बसायचं नाही!'

आमचे वडील, अण्णा, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी माफीपत्र स्वतःच लिहिलं, सही ठोकली आणि माझ्यापुढे सरकवलं. 'तू पण कर. थोडं, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर रे.'

'अण्णा, गणित बघितलंत?'

'बघितलं. तुझंच बरोबर आहे.'

'मग?'

'मग काय? ते त्यांनाही कळलंय. म्हणून तर माफी मागायची.'

तीस वर्षं नोकरी करून माणूस हे शिकतो! मी पेन घेतलं, माफीचा मजकूर खोडला, खाली अख्खं गणित सोडवलं आणि उत्तराखाली सही केली. दुसऱ्या दिवशी कागद तसाच विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. परीक्षा गेली, कॉलेजही सुटलं.

आता लग्नकार्यात प्रत्येक काका विचारतो, 'डिग्रीचं काय झालं रे?'

मी सांगतो, 'उत्तर बरोबर आलं.'