शालूच्या विषयांचा कौल

मी डोळ्यांनी पाहिलं तेच सांगत होते, पण घरात एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही!

आमच्या शालूला कॉलेजात जाऊन इस्पितळातली यंत्रं बनवायला शिकायचं होतं. दीर म्हणाले, "यंत्रासाठी गणित घे." आमचे हे म्हणाले, "यंत्र लावायचं माणसाच्या अंगाला, तेव्हा जीवशास्त्र घे." आठ दिवस भांडून झाल्यावर देवाला कौल लावला. गुरवाने पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर गणित, डावी पडली तर जीवशास्त्र.

शालू पाया पडायला वाकली आणि दोन्ही पाकळ्या एकदम खाली!

"फुंकलंस गो तू!" मी ओरडले.

"आये, देवासमोर कोण फुंकतला?"

ह्यांनी मलाच दटावलं. "सुभद्रा, गप रव! देवान दोनय विषय दिल्यान."

फॉर्मवर दोन्ही लिहिले, कॉलेजनेही दिले. पहिल्याच परीक्षेत बाईसाहेब गणितात आपटल्या. वर मलाच ठणकावते, "परत बसतलंय, पण एकय सोडूचंय नाय!"

हे तणतणत गुरवाकडे गेले. "कौल चुकलो कसो?"

"देव चुकणा नाय," गुरव म्हणाला. "पाकळ्यो सुक्यो होत्यो, म्हणान चिकटाक नाय. फुलां कोणी आणलेली?"

देव सुटला, गुरव सुटला, फुंकणारीही सुटली. देवळातल्या झाडून सगळ्यांनी एकच नाव घेतलं, सुभद्रा!