मावशींचे हातमोजे

केमोच्या खोलीबाहेर शिवणकामवाली बाई स्वतःच्या पहिल्या डोसची वाट बघत नवऱ्याशेजारी बसली होती. समोरच्या बाकावर एक मावशी आणि एक तरुण बाई बोलत होत्या.

“मावशी, आज हातमोजे नाहीत?”

“ते घरी घालते. इथे कोणाला दाखवायचेत?”

“त्या औषधाने थंड वस्तूला हात लावला की शॉक बसल्यासारखं होतं ना?”

“व्हायचं. गाठीला मारायला निघालेलं औषध, वाटेत बोटांच्या नसाही धरतं. फ्रिज उघडता येईना, तेव्हा कुठे आमच्या साहेबांना कळलं, की त्याला दार असतं. आता दूधसुद्धा तापवतात.”

“व्हायचं म्हणजे? आता होत नाही?”

“ते औषध मागेच थांबवलं. गाठ दाद देईना. नव्याला थंडीचं वावडं नाही.”

“काकांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं तर लगेच खुर्चीत जाऊन बसतील.”

“नवं तरी लागू पडेल ना?”

“डॉक्टर छताकडे बघून बोलतात. म्हणून म्हटलं, साहेब कुकर लावायला शिकेपर्यंत हातमोजे असू देत.”

शिवणकामवालीच्या नवऱ्याने रिकामी बाटली तिच्यापुढे धरली. “जरा थंड पाणी भरून आण गं.”

तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“मला थंड चालत नाही,” ती म्हणाली.